कॉन्रॅडच्या मांडीतली प्लेट

वसईजवळच्या गिरीजच्या बेनेडिक्टची धाकटी मुलगी पॉलिन पवईला इंजिनिअरिंगला गेली, ही बातमी गावात काही दिवस चालली आणि मग केळीच्या भावाच्या गोष्टींत मागे पडली. लोकांची अडचण एकच होती. ती नेमकं काय शिकते, हे कुणाला सांगता येत नव्हतं. सिव्हिल म्हटलं की पूल, इलेक्ट्रिकल म्हटलं की वीज. मेटलर्जी म्हटलं की काय? मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायरीवर बायका विचारायच्या. तिच्या आईने, जुलियानाने, एकदा सांगून टाकलं, "लोखंडाचं काहीतरी आहे."

"म्हणजे लोहारकी?" एकीने विचारलं.

"तसंच," जुलियाना म्हणाली, "पण बसून."

खरं तर पॉलिननेही हा विषय हौसेने घेतला नव्हता. तिला केमिकल हवं होतं. प्रवेशपरीक्षेतल्या क्रमांकावर ते मिळालं नाही, आणि जे उरलं त्यातलं धातुशास्त्र तिच्या वाट्याला आलं. साल १९७०. वर्गात ती एकटी मुलगी. ओतकामाच्या प्रात्यक्षिकाला शिक्षकांनी तिच्यासाठी भट्टीपासून लांब एक खुर्ची मांडून ठेवली होती. "तुम्ही इथून बघा," ते म्हणाले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पहिल्या खेपेला ती बसली. दुसऱ्या खेपेला ओढणी कमरेला खोचून मुलांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. खुर्ची वर्षभर तिथेच राहिली. मुलं तिच्यावर दप्तरं टाकायची.

विषय तिला आवडू लागला तो तिसऱ्या वर्षी, सूक्ष्मदर्शकामुळे. पोलादाचा तुकडा पॉलिश कागदावर घासायचा, आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक; शेवटी मऊ कापडावर, आरशासारखा होईपर्यंत. मग आम्लाचा हलका हात द्यायचा आणि भिंगाखाली धरायचा. ज्यात काहीच नाही असं वाटत होतं त्या तुकड्यात वाडीतल्या वाफ्यांसारखे कण दिसू लागायचे, प्रत्येकाला स्वतःचा बांध. सुट्टीत घरी आल्यावर तिने हे आपल्या भावाला, कॉन्रॅडला, सांगितलं. त्याने केळीच्या बुंध्याची माती ओढता ओढता ऐकून घेतलं.

"वाफे आहेत, तर पाणी कुठून सोडतात?" त्याने विचारलं.

कॉन्रॅड तिच्याहून आठ वर्षांनी मोठा. सातवीनंतर त्याने शाळा सोडली. बहिणीच्या शिक्षणासाठी भाऊ वाडीत राबतो असं कुणी कौतुकाने म्हटलं, तर तो चिडायचा. "मला कुणी काढलं नाय, मी सुटलो," म्हणायचा. वाडी त्याला मनापासून आवडायची. केळी, पानवेल, भाजी, कडेने माड, मधे बावखल, म्हणजे शिंपणाचं तळं. पॉलिन शेवटच्या वर्षाला असताना बाप गेला, तेव्हाही वाडीचं एक काम एक दिवस अडलं नाही.

पुढे तिने एम.टेक. केलं आणि मुंबईतल्या एका सरकारी प्रयोगशाळेत लागली. लग्न सांडोरच्या ॲन्सेल्मशी झालं. तो हायस्कुलात गणित शिकवायचा, फारसं बोलायचा नाही, आणि बायको चाचणी चालू आहे म्हणून उशिरा घरी आली तर भात लावून ठेवायचा. सासूला हे चमत्कारिक वाटायचं, पण भात चांगला व्हायचा.

प्रयोगशाळेत पॉलिनला मिळालेलं काम होतं हाडाच्या प्लेटींचं. मोडलेलं हाड जुळेपर्यंत ते जागेवर धरून ठेवायला सर्जन स्टीलची पट्टी स्क्रूने बसवतात, ती प्लेट. पूर्वी त्या परदेशातून यायच्या. आता मुंबईतले दोन-चार कारखाने त्या इथेच बनवू लागले होते, आणि अधूनमधून एखादी प्लेट माणसाच्या अंगात गंजायची किंवा मोडायची. कुठलं स्टील चालेल, कुठलं नाही, हे प्रयोगशाळेने सांगायचं होतं. पॉलिन मिठाच्या कोमट पाण्यात प्लेटी बुडवून यंत्रावर पुढे-मागे वाकवत ठेवायची. यंत्र दिवसरात्र चालायचं. प्लेट मोडली की ते आपोआप थांबायचं, आणि सकाळी कामावर आल्यावर खोलीत शांतता असली की तिला दारातच कळायचं.

विभागाचे प्रमुख डॉ. सावे पालघरच्या बाजूचे. शिस्तीचे, पण हेकट नव्हते. "धातूला विचारायचं, धातूच्या मालकाला नाही," असं ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचे.

१९८२च्या नोव्हेंबरात कॉन्रॅड माडावरून पडला. नारळ काढणारा आला नव्हता, म्हणून तो स्वतः चढला होता. मांडीचं हाड मोडलं. मुंबईच्या इस्पितळात सर्जनने प्लेट घातली आणि बजावलं की एक्स-रे पाहून मी सांगेपर्यंत या पायावर भार द्यायचा नाही. कुबड्या दिल्या. कॉन्रॅड घरी आला, ओटीवर खाट टाकून पडून राहिला. पॉलिन दर रविवारी जायची. तो खाटेवर असायचा, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या असायच्या, आणि वाडी नेहमीसारखी नीट असायची. वाडी इतकी नीट कशी, हा प्रश्न तिला तेव्हा पडला नाही.

ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू असताना एका सकाळी त्याच्या मांडीत कट्कन आवाज झाला आणि तो अंगणात कोसळला. एक्स-रेमध्ये दिसलं की प्लेटचे दोन तुकडे झाले आहेत. पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा नवी प्लेट. सर्जनने मोडके तुकडे काचेच्या बाटलीत घालून दिले. पॉलिन भेटायला गेली तेव्हा ती बाटली उशाशीच होती. शेजारी बॅप्टिस्ट बसला होता. हा कॉन्रॅडच्या बायकोचा, एमिलीचा, भाऊ. राहायला बोळिंजला, आणि वसईच्या एका वकिलाकडे कारकून.

"तुझ्याच खात्यातलं आहे," कॉन्रॅडने बाटली तिच्या हातात दिली. "बघ काय झालंय ते. खाटेवरून उठताना जरा पाय टेकला, आणि मोडली."

"देशी माल," बॅप्टिस्ट म्हणाला. "कारखान्याचा शिक्का आहे बघ तिच्यावर. पॉलिन, तू फक्त लिहून दे, स्टील खराब होतं म्हणून. तुझ्या सहीला कोर्टात वजन आहे. बाकीचं मी बघतो."

"आधी बघते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने बाटली डॉ. साव्यांच्या टेबलावर ठेवली आणि ही प्लेट माझ्या भावाची आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगितलं.

"मग तू बघू नकोस."

"मोडलेला पृष्ठभाग माझ्याइतका वाचलेला इथे कोण आहे, सर?"

साव्यांनी बाटली उचलून पाहिली. "एक तुकडा तू घे, दुसरा फ्रेडरिकला दे. एकमेकांशी बोलायचं नाही. दोघांनी वेगळं लिहून माझ्याकडे द्या."

फ्रेडरिक तिचा सहकारी, तिच्यानंतर लागलेला. दोघांनी आठवडाभर एकमेकांशी फक्त हवापाण्याच्या गोष्टी केल्या.

स्टील चांगलं होतं. निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम, सगळं प्रमाणात. भिंगाखाली कण बारीक, कचरा नाममात्र. खराब माल असता तर तिचं काम सोपं झालं असतं, आणि तसं व्हावं असं तिला वाटतही होतं; ते तिने नंतर ॲन्सेल्मला सांगितलं. मग तिने मोडलेली कड पाहिली. स्क्रूच्या एका भोकाच्या काठापासून बारीक बारीक अर्धगोल रेघा निघाल्या होत्या, एकापुढे एक, शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा. रेघांच्या शेवटी थोडासा भाग खडबडीत, तो शेवटच्या सकाळचा. एका झटक्यात मोडलेल्या धातूवर अशा रेघा नसतात. धातू पुन्हा पुन्हा वाकला, थोडा तडकला, परत वाकला, आणखी थोडा तडकला, तरच त्या उमटतात. याला त्यांच्या शास्त्रात धातूचा थकवा म्हणतात. हाड जुळायच्या आधीच या पायावर कुणीतरी हजारो पावलं टाकली होती. खाटेवरून एकदा उठताना हे होत नाही.

फ्रेडरिकनेही तेच लिहिलं.

रविवारी ती गिरीजला गेली. कॉन्रॅड खाटेवर होता, बॅप्टिस्ट खुर्चीत, आणि एमिली खाली बसून विळीवर शेंगा चिरत होती.

"स्टीलमध्ये दोष नाही," पॉलिनने सांगितलं. "दादा, तू चालत होतास."

"कोण म्हणतं?"

"प्लेट."

"प्लेट बोलते?" कॉन्रॅड हसला, पण ते हसू टिकलं नाही. "माझ्या पायाने मी काय केलं ते मला ठाऊक. तुझ्या दुर्बिणीला नाय."

एमिलीने मान वर केली नाही, पण विळीवरचा हात थांबला.

बॅप्टिस्टने खुर्ची पुढे ओढली. "बाय, तू शिकलेली आहेस, मी काय सांगणार तुला. पण स्टीलमध्ये काहीतरी तर असेलच की. शंभर टक्के शुद्ध काय असतं जगात? तेवढंच लिही. सख्खा भाऊ आहे तुझा."

"त्याच स्टीलच्या प्लेटी आज कितीतरी लोकांच्या पायांत आहेत," पॉलिन म्हणाली. "मी खराब म्हटलं तर डॉक्टर त्या काढायला घेतील. पुन्हा चिरफाड. त्यांना मी काय सांगू?"

"मग माझी चूक, असं लिहिणार तू," कॉन्रॅड म्हणाला.

"हाड जुळायच्या आधी भार पडला, असं लिहिणार. तुझं नाव नसेल त्यात."

"नाव कशाला लागतं? गावात मांडी मोडलेला मी एकच आहे."

तो भिंतीकडे तोंड करून पडला. बोलणं तिथेच संपलं. एमिली तिला पोचवायला बावखलापर्यंत आली. तिथे थांबून तिने मागे वळून घराकडे पाहिलं.

"हे रोज वाडीत जायचे," ती हळू आवाजात म्हणाली. "पहाटे, मी मिस्साला गेले की. मी परत यायच्या आत खाटेवर. पाय चिखलाचे दिसायचे, मी पुसून घ्यायचे. मी तुला हे सांगितलं नाय, बाय."

"नाही सांगितलंस, वहिनी."

पॉलिनने अहवाल दिला. वकिलाने तो पाहिला आणि प्रकरण उभंच राहिलं नाही. कॉन्रॅडचं हाड दुसऱ्या खेपेला जुळलं, पण पाय थोडा आखूड झाला. त्याने बहिणीशी बोलणं सोडलं. भांडण असं काही झालं नाही. नाताळात एमिलीच्या हातून फराळ यायचा, पॉलिनकडून जायचा. जुलियाना वारली तेव्हा बहीणभाऊ शवपेटीच्या दोन बाजूंना उभे होते. फुलं किती आणायची आणि फादरना कुणी सांगायचं, एवढंच त्यांच्यात बोलणं झालं. गावात दोन्ही बाजूंनी बोलणारे होते. काहींच्या मते पोरगी शिकून परकी झाली.

प्रयोगशाळेत साव्यांनी त्या प्रकरणावर 'रुग्णाचा दोष' असा शेरा मारला आणि फाइल बंद करायला सांगितली. पॉलिनने बंद केली, आणि त्याच कपाटातल्या जुन्या फायली काढून वाचत बसली. चांगल्या स्टीलच्या, तरीही मोडलेल्या प्लेटी. बहुतेकांवर तोच शेरा. इस्पितळांत जाऊन तिने ती माणसं कोण होती हे विचारलं. एक गिरणीत विणकामाचे साचे सांभाळणारा. एक मासळीची पाटी घेऊन फिरणारी. एक हातगाडीवाला. एक शाळेतला शिपाई. डॉक्टर प्रत्येकाबद्दल वैतागून सांगत होते की ऐकत नाहीत हो ही माणसं.

ती साव्यांकडे गेली. "सर, हे सगळे चालले."

"चाललेच. म्हणून तर दोष त्यांचा."

"एक चालला तर त्याचा दोष. सगळे चालत असतील तर ते चालणार असं धरूनच प्लेट बनवायला हवी."

साव्यांनी चष्मा काढला. "जाड करशील? प्लेट फार जाड केली तर सगळा भार तीच घेते आणि खालचं हाड आळशी होऊन झिजतं. हे तूच मला वाचून दाखवलं होतंस."

"जाडी तीच ठेवायची. स्टील थंड असताना दाबून कठीण करायचं. भोकांचे काठ गोल करायचे आणि आतूनही पॉलिश करायचे. तडा तिथूनच निघतो."

"किती दिवस लागतील?"

"वर्षं लागतील," ती म्हणाली, आणि लागलीही.

पहिली खेप इतकी कठीण झाली की सर्जनने हाडाच्या आकाराप्रमाणे वाकवायला घेतली तेव्हा प्लेट त्याच्या हातातच तडकली. त्याने ती पॉलिनकडे पाठवली, सोबत एक तिखट निरोप. दुसऱ्या खेपेला भोकं आतून पॉलिश करायची कशी, इथेच सहा-सात महिने गेले. प्लेटी बनवायला कारखाना हवा होता, आणि तयार झाला तो नेमका तोच, ज्याच्या शिक्क्याची प्लेट कॉन्रॅडच्या मांडीत मोडली होती. मालकाला अहवालाची गोष्ट माहीत होती. त्याने चहा मागवला आणि तिचं काम बाकीच्या कामांच्या आधी घेतलं. यंत्र मिठाच्या पाण्यात चालत राहिलं. सकाळी खोलीत आवाज चालू असला की फ्रेडरिक दारातूनच बोट वर करायचा. मधे पॉलिनला मुलगी झाली. रजा संपवून ती परत आली तेव्हा तीच प्लेट अजून वाकत होती, मोडली नव्हती. साव्यांनी पहिल्यांदा स्वतः येऊन यंत्रासमोर उभं राहून पाहिलं.

१९८७च्या उन्हाळ्यात मुंबईच्या एका इस्पितळाने या प्लेटी निवडक रुग्णांना घालून पाहायचं ठरवलं. त्याच सुमारास एका रविवारी सांडोरला पॉलिनच्या दारात टांगा थांबला. त्यातून बायकोच्या खांद्याचा आधार घेत एक माणूस उतरला. अर्नाळ्याचा पांडू कोळी. होडी किनाऱ्यावर ओढताना त्याची मांडी चेपली होती. प्लास्टरात हाड जुळलं नव्हतं, आणि आता डॉक्टर ऑपरेशन म्हणत होते.

"माझ्याकडे कसे आलात?" पॉलिनने विचारलं.

"कॉन्रॅडभाऊंनी धाडलं. त्यांच्या वाडीला सुक्या मासलीचं खत मीच टाकतो ना." पांडू खुर्चीत नीट बसला. "बोलले, डाक्टर सांगल ते सांगल, पन तू माझ्या बहिनीला विचार."

"आणखी काय म्हणाले?"

"बोलले, ती कुनाला बरं वाटावं म्हनून बोलत नाय. सख्ख्या भावासाठीपन बोलली नाय."

आत ॲन्सेल्म पेपर वाचत होता. त्याने पान उलटायचं थांबवलं.

पॉलिनने पांडूला नवी प्लेट काय आहे ते सांगितलं. यंत्रावर टिकली आहे, माणसात अजून नवीन आहे, हेही सांगितलं. "डॉक्टर सांगतील तितके दिवस पाय टेकायचा नाही. झोपून राहाल?"

"ऱ्हाईन की."

"खरं सांगा."

पांडूने बायकोकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. "नारली पुनवेपर्यंत ऱ्हाईन," तो म्हणाला. "पुनव झाली की होड्या लोटतात. मंग मला कोन धरनार?"

"ठीक आहे," पॉलिन म्हणाली. "मी डॉक्टरांना तसंच सांगते. पुनवेनंतर तुम्ही चालणार, असं धरूनच ते काय ते ठरवतील."

पांडूला नवी प्लेट बसली. डॉक्टरांनी त्याला वर्षअखेरपर्यंतची मुदत दिली होती. तो पुनव होताच किनाऱ्यावर गेला आणि चार दिवसांनी होडीवर. पुढचे महिने पॉलिन दर एक्स-रेच्या दिवशी इस्पितळात हजर राहिली. प्लेट टिकली. हाड जुळलं, जरासं वाकडं. डॉक्टर म्हणाले की चालेल, पांडू म्हणाला की पळेल. इतर रुग्णांपैकी एकाला जंतुसंसर्ग झाला आणि त्याची प्लेट काढावी लागली. मोडलेली मात्र एकही नव्हती. पॉलिनने दोन्ही गोष्टी सारख्याच अक्षरांत लिहिल्या.

मग एका संध्याकाळी ती गिरीजला गेली. घरात न शिरता सरळ मागे वाडीत. कॉन्रॅड केळीच्या वाफ्यात पाणी वळवत होता. त्याने तिला पाहिलं आणि खोऱ्याने एक वाफा बंद करून दुसरा उघडला.

"पांडूचं जुळलं," ती म्हणाली.

"कळलं मला. चालला ना तो?"

"पुनवेपासून."

कॉन्रॅडने मान हलवली. पाणी वाफ्याच्या टोकापर्यंत पोचेपर्यंत तो बघत राहिला. "माझ्या वेळी ही प्लेट असती तर?"

"सांगता येत नाही, दादा. तू त्याच्यापेक्षा फार लवकर चाललास."

तिला वाटलं, आता तो पाठ फिरवेल. त्याने खोरं बांधात रोवलं.

"पाण्याच्या इंजिनाचं हँडल एमिलीला फिरत नव्हतं," तो म्हणाला. "गडी लावला होता, तो दोन दिवस येऊन गेला. केळी फुटायला आलेली. पहिल्या दिवशी फक्त इंजिन चालू करायला गेलो. खाटेवर परत आलो तर पाय काही दुखत नव्हता. मग दुसऱ्या दिवशी गेलो." केळीचं वाळलं पान ओढून काढत तो म्हणाला, "दुखला असता तर गेलो नसतो."

"प्लेट दुखत नाही," पॉलिन म्हणाली. "तीच तर अडचण आहे."

"हं."

पाणी भरलं. कॉन्रॅडने तोही वाफा बंद केला आणि पुढच्याकडे निघाला. एक पाय आखूड असल्याने त्याचं एक पाऊल बांधावर, एक वाफ्यात पडत होतं. पॉलिन चपला हातात घेऊन त्याच्या मागून चालू लागली. तो एकेका केळीबद्दल सांगत होता. कुठली कधी लावली, कुठलीवर रोग पडून गेला, कुठला घड या आठवड्यात उतरवायचा. पाच वर्षांचं सांगायचं साठलं होतं. घरातून एमिलीने चहाला हाक मारली, तिला दोघांनीही ओ दिली, पण वाफे अजून बाकी होते.